मिसेस डोहर्टीची तीन मतं

बुधवारी ट्रेव्हर आला तो पुढच्या दाराने.

देवस्थळींच्या घरी पुढच्या दाराने कोणी येत नसे. चित्रलेखाबाईंच्या यजमानांनी, भास्कररावांनी, ऑस्ट्रेलियात बेलारात हे घर घेतलं तेव्हापासून सगळी ये-जा गॅरेजमधून, चपलांच्या रॅकवरून, मागच्या दाराने. पुढचं दार पावसात फुगलं होतं आणि भास्करराव गेल्यावर ते तासून घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बेल वाजली तेव्हा चित्रलेखाबाईंना वाटलं, पार्सलवाला असेल, ठेवून जाईल. बेल पुन्हा वाजली. त्यांनी गॅस बारीक केला आणि दोन्ही हातांनी ओढून दार उघडलं.

ट्रेव्हरचं गावात टायरचं दुकान. एरवी त्याची बोटं काळी असायची. आज तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, डोक्यावर उंच काळी हॅट, काखेत भला मोठा भोपळा.

"गुड आफ्टरनून, मिसेस डोहर्टी," हॅट काढून तो म्हणाला. "मी ऑल्डस. पिठाच्या गिरणीचा मालक. तुमचं मत मागायला आलोय."

चित्रलेखाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. समोरचा माणूस इतका मन लावून करतोय म्हटल्यावर आपण हसणं बरं नव्हे.

दर ऑगस्टमध्ये गावचं इतिहास मंडळ जुन्या काळातलं काहीतरी उभं करायचं. एका वर्षी पहिली आगगाडी आली, एका वर्षी दुष्काळातली सभा झाली. यंदा ग्लेंडाने, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरीने, अठराशे चौऱ्याण्णवची मेयरची निवडणूक काढली होती. खरं तर त्या काळी मेयर नगरसेवकच आपसात निवडायचे. पण ग्लेंडा म्हणाली, नऊ म्हातारे एका खोलीत बसून हात वर करतात ते बघायला कोण येणार? म्हणून यंदा सगळ्या गावाने मत द्यायचं, फक्त हिशेब जुना ठेवायचा. तो हिशेब असा, की ज्याची जागा मोठी त्याला तीन मतं, मधल्याला दोन, लहान घरवाल्याला एक. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला शून्य.

दोन उमेदवार सोडून बाकी कोणी कोण व्हायचं ते ग्लेंडाने टोपीतून चिठ्ठ्या काढून ठरवलं. चित्रलेखाबाईंच्या वाट्याला मिसेस डोहर्टी आली. ही स्टेशनजवळच्या खाणावळीची मालकीण. नवरा वारलेला, खाणावळ आणि शेजारचे दोन प्लॉट तिच्या स्वतःच्या नावावर, म्हणून तिला तीन मतं. ग्लेंडाने मतांसाठी लाकडी चकत्या करून घेतल्या होत्या. तीन चकत्या चित्रलेखाबाईंनी देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवल्या. दुसरी सुरक्षित जागा त्यांना सुचली नव्हती.

ट्रेव्हर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसला. त्याने चहा घेतला, दोन शंकरपाळे खाल्ले आणि गिरणीवाला ऑल्डस निवडून आला तर काय करील ते सांगितलं. टाऊन हॉल बांधील. स्टेशनच्या रस्त्यावर खडी टाकील, म्हणजे मिसेस डोहर्टीच्या गिऱ्हाइकांचे बूट चिखलात रुतणार नाहीत. मग त्याने कप खाली ठेवला.

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"मला?"

"तुम्हालाच. तीन मतं तुमची आहेत."

मिसेस डोहर्टीला काय हवं असेल ते चित्रलेखाबाईंनी मनात शोधलं, तर हाताला भलतंच लागलं. "विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

"टेक युअर टाइम," ट्रेव्हर म्हणाला. भोपळा ठेवून तो गेटातून निघून गेला.

गिरणीवाल्याच्या विरुद्ध उभा होता खोगीरवाला पेंगेली, आणि पेंगेली झाला होता यतिन. चित्रलेखाबाईंचा थोरला. कौन्सिलात रस्त्यांचा इंजिनियर, बोलायला वाकबगार. गावाने त्याला आपणहून उभं केलं होतं. ट्रेव्हर येऊन गेला ते चित्रलेखाबाईंनी घरात सांगितलं नाही. यतिनही येईल, असं त्यांना वाटलं. त्याला यायला लांबून यायचं नव्हतं. एकाच छपराखाली तर राहत होता.

गुरुवार गेला. शुक्रवारी मेलबर्नहून निनाद आला.

*

निनाद आला म्हणजे घरातलं वारं बदलायचं. धाकटा, तोंडाने गोड, आल्याआल्या आईच्या गळ्यात पडणारा. यंदा बायकोला, मितालीला, आणि जुळ्या मुलांना पॉइंट कुकच्या घरी ठेवून तो एकटाच आला होता. का ते सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी घराचा एजंट यायचा होता.

हे कधी ठरलं ते मात्र चित्रलेखाबाईंना नीट सांगता आलं नसतं. यतिनला ब्रिस्बेनला मोठ्या कंपनीत जागा मिळाली, तिथे तूर्तास दोन खोल्यांचं युनिट. मग एके दिवशी 'हे घर ठेवून काय करायचं' असं वाक्य जेवणाच्या टेबलावर आलं. पुढच्या आठवड्यात त्याचं 'घर विकल्यावर' झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात 'आई निनादकडे गेल्यावर' सुरू झालं. पावशेर दुधाचं दही लागावं तसं. विरजण कोणी घातलं ते कोणी बघितलं नाही.

जेवायला पाच जण होते. चित्रलेखाबाईंनी ट्रेव्हरच्या भोपळ्याचं भरीत केलं होतं.

"आई, भरीत क्लास झालंय," यतिन म्हणाला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. भोपळा कुठून आला ते त्याने विचारलं नाही. फक्त मयूराने ताटावरून नजर वर करून सासूकडे बघितलं. बुधवारी तिची दुपारची शिफ्ट होती. घरातून निघताना तिने हॅटवाल्या ट्रेव्हरला गेट उघडताना पाहिलं होतं.

निनादने फोन टेबलावर मधोमध आमटीच्या भांड्याला टेकवून उभा केला. "हे बघ आई. ग्रॅनी फ्लॅट. वेगळं किचन, वेगळं बाथरूम, सगळं नवीन. आमच्या बॅकयार्डातून सरळ दार."

"छान आहे," चित्रलेखाबाई म्हणाल्या.

"देवघराला इथे कोनाडा करून घेऊ."

"खिडकीतून काय दिसतं?"

"आमचं घर दिसतं ना. मुलं दिसतील खेळताना."

"स्टेशन किती लांब?"

"स्टेशन कशाला लागतंय तुला? मी सोडीन ना जिथे जायचं तिथे."

मागच्या वर्षी त्या तीन महिने पॉइंट कुकला राहून आल्या होत्या. घर सुरेख, मिताली चांगली, नातवंडं लाघवी. पण सकाळी सगळे गेले की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. गॅरेजची दारं वर जायची, गाड्या निघायच्या, दारं खाली यायची. संध्याकाळी पुन्हा तेच. इथे त्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या होत्या, कारण बेलारात बस यायची ती असून नसल्यासारखी. मंगळवारी त्या चॅरिटीच्या दुकानात बसायच्या. ग्लेंडाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे टूवूंबा शहरात न्यायच्या. भास्करराव गेले त्या महिन्यात गाडीची किल्ली उचलून एकट्या बाहेर पडल्या होत्या आणि डोंगराच्या कडेला जाऊन दोन तास बसून आल्या होत्या. ते कोणाला सांगितलं नव्हतं. कोणाला विचारायलाही लागलं नव्हतं.

"दादा, उद्याचं काय?" निनादने फोन खिशात घातला. "जिंकतोयस ना?"

"टाइट आहे, यार. ट्रेव्हरकडे सगळा फुटबॉल क्लब आहे. पण माझा हिशेब पक्का आहे. कौन्सिलवाले माझे. हॉस्पिटलातले, मयूराचे, तेही माझे." यतिन बोटांवर मोजत होता. "आणि आईची तीन."

"ती तर घरचीच."

"घरचीच."

"डॅड, हॅव यू आस्क्ट हर?" उर्वी म्हणाली. ती दहावीत, जेवताना मान खाली आणि कान वर.

"काय विचारायचंय? आजी काय ट्रेव्हरला देणार आहे?"

दोघं भाऊ हसले. चित्रलेखाबाईंनी आमटी वाढली. त्यांच्या मनात आलं, आत्ता विचारेल. हसतहसत का होईना, म्हणेल, काय मिसेस डोहर्टी, मत देणार ना? एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

यतिनने ताक मागितलं.

*

शनिवारी स्कूल ऑफ आर्ट्सचा जुना लाकडी हॉल खचाखच भरला होता. बाहेर कडक थंडी, आत कोट आणि झगे आणि कापराच्या गोळ्यांचा वास. चित्रलेखाबाईंनी राखाडी इरकली नेसली होती आणि डोक्यावर ग्लेंडाचं काळं बॉनेट हनुवटीखाली बांधलं होतं.

"आजी, यू लुक सो गॉथ," उर्वी म्हणाली.

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"लाइक, अमेझिंग."

निनादला ऐनवेळी एक चिठ्ठी उरली होती ती मिळाली. गुरं हाकणारा गडी, भाड्याच्या खोलीत राहणारा, शून्य मतं. त्याला मागे दोरीपलीकडे उभं केलं होतं. "हे बरंय," तो तिथून ओरडला, "आमची एवढी प्रॉपर्टी आणि आम्हाला व्होट नाही?" लोक हसले. चित्रलेखाबाईंनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. या मुलाचं अर्ध्या घरावर नाव होतं. अर्ध्यावर यतिनचं. कोथरूडचा फ्लॅट विकून हे घर घेतलं तेव्हा टूवूंब्याच्या वकिलाने विचारलं होतं, मिसेस देवस्थळींचं नाव घालायचं का? भास्करराव म्हणाले होते, "तिचं कशाला? घर तिचंच तर आहे." त्यांनी स्वतःचं आणि दोन्ही मुलांची नावं घातली. ते गेले, त्यांचं नाव आपोआप गेलं, मुलांची उरली. त्यात कोणाचं काही काळंबेरं नव्हतं. भास्कररावांना खरंच तसं वाटत होतं.

भाषणं झाली. ट्रेव्हर कागदावरून अडखळत वाचत होता. यतिन मात्र कागद न घेता बोलला. गावाला घड्याळाचा मनोरा हवा की प्यायला पाणी हवं, असं त्याने विचारलं, तेव्हा मागच्या पोरांनी बाकं बडवली. आईला वाटलं, किती छान बोलतो हा. चारचौघांसमोर किती नीट विचारतो.

स्टेजवर काचेच्या दोन बरण्या होत्या. ग्लेंडा नावं पुकारत होती. त्या काळी मतदान गुप्त असायचं हे तिने आधीच सांगून टाकलं, पण चकत्या पडताना दिसल्या नाहीत तर गंमत काय, असंही म्हणाली. मयूराला एक मत होतं, ते तिने पेंगेलीच्या बरणीत टाकलं.

"मिसेस ऑनोरा डोहर्टी. खाणावळ आणि दोन प्लॉट. तीन मतं."

चित्रलेखाबाई पायऱ्या चढल्या. यतिन स्टेजवर एका बाजूला उभा होता, हॅट हातात, चेहऱ्यावर हसू. त्यांच्याकडे त्याचं पुरतं लक्षही नव्हतं. तो खाली कोणाला तरी अंगठा दाखवत होता.

पहिली चकती त्यांनी गिरणीवाल्या ऑल्डसच्या बरणीत टाकली. आवाज बारीकसा झाला, पण झाला. यतिन वळला. त्याला वाटलं, आईची चूक झाली. "आई, दुसरी, दुसरी बरणी," तो हळूच म्हणाला.

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या दोन त्याच बरणीत टाकल्या.

यतिन चार मतांनी पडला. ती तीन इकडची तिकडे झाली असती तर दोनांनी आला असता. हे गणित हॉलमध्ये सगळ्यांनाच करता येत होतं. लोक टाळ्या वाजवत होते, हसत होते, त्यांच्यासाठी तो खेळच होता. ट्रेव्हरने गळ्यात मेयरची साखळी घातली आणि खाली येऊन मिसेस डोहर्टीला वाकून नमस्कार केला. यतिनने त्याचा हात हातात घेतला, फोटो काढून घेतले, "नो वरीज, मेट" म्हणाला.

*

चहा उर्वीने केला. एरवी तिला पाणी उकळायला सांगितलं तरी ती तोंड वाकडं करायची. आज सांगावं लागलं नाही.

"आई, मी चिडलेलो नाही," यतिन म्हणाला.

"बरं."

"इट्स ओन्ली अ गेम. पण सोमवारी ऑफिसात जाणार मी. सगळे म्हणणार, याच्या आईनेसुद्धा याला मत दिलं नाही."

"म्हणतील."

"पण का? काय केलं मी?"

"ट्रेव्हर बुधवारी आला होता," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "पुढच्या दाराने. बसला, काय करणार ते सांगितलं, मला काय हवंय ते विचारलं. काल तू दोनदा वाढून घेतलंस ते भरीत त्याच्या भोपळ्याचं."

निनाद हसायला लागला आणि भावाचं तोंड बघून थांबला.

"म्हणजे भोपळ्यावर मत गेलं," यतिन म्हणाला.

"भोपळ्यावर नाही. विचारण्यावर."

"आई, मी तुझा मुलगा आहे. मी हॅट घालून तुझ्याकडे मत मागायला यायचं? घरच्या माणसाकडे कोणी मत मागतं का? बाबा सोसायटीच्या इलेक्शनला उभे राहायचे तेव्हा कधी तुला विचारायचे?"

"कधीच नाही. घरची मतं आधी मोजून मोकळे व्हायचे."

"मग?"

"मग काही नाही. तूही मोजलंस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या बशीत पडलेला चहा कपात ओतत होत्या. "मला सांग यतिन, मी निनादकडे जाणार हे कोणी ठरवलं?"

यतिनने निनादकडे पाहिलं. "तुझं बोलणं झालं होतं ना आईशी?"

"माझं? तू फोनवर म्हणालास, आई रेडी आहे."

"मी म्हणालो आईचा प्रॉब्लेम नसेल. विचारायचं तू होतंस. तुझ्याकडे येणार ती."

"दादा, राहते ती तुझ्याकडे. मला वाटलं तू विचारलंस, तेव्हा तर मी तो फ्लॅट बांधायला घेतला."

"न विचारता?"

"तूच एजंटला बोलावलंस, न विचारता."

तीन महिने हे दोघे रोज फोनवर बोलत होते. फरशीचा रंग ठरवला होता, कोनाडा ठरवला होता.

"मलाही नाही विचारलंस," मयूरा म्हणाली.

ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती. नळ बंद करून ती वळली. "ब्रिस्बेनचं. मला सांगितलंस. सांगणं वेगळं."

"मयूरा, आपण डिस्कस केलं होतं."

"तू डिस्कस केलंस. मी ऐकत होते." तिने हात टॉवेलला पुसले. "तुला वाटतंय मी हॉस्पिटलात नोटीस दिली. दिलेली नाही. डायलिसिसला माझे पेशंट आहेत, त्यांच्या शिरा मला पाठ आहेत. उर्वीची शाळा दोन वर्षांची राहिली. मी मूग गिळून गप्प बसले, म्हटलं आई काही बोलत नाहीत तर मी कशी बोलू?"

"आणि मी म्हणत होते, ही काही बोलत नाही," चित्रलेखाबाई म्हणाल्या.

"वॉव," उर्वी म्हणाली. "नोबडी इन दिस हाउस टॉक्स."

"तू गप्प बस," यतिन आणि मयूरा एकदमच म्हणाले.

"तरी आज मत मी तुलाच दिलं," मयूरा नवऱ्याला म्हणाली. "आईंची तीन होती, त्यांना ऐट परवडते. माझं एकच."

निनाद खुर्ची सरकवून उठला. "ओके. आई, मी खरं सांगू? मिताली जानेवारीपासून परत कामाला लागतेय. चाइल्डकेअरला जागा नाही. आम्हाला तू हवी होतीस. तुझी सोय वगैरे सगळं नंतर आलं."

"मग असं बोल की रे," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "फरशा काय दाखवतोस मला? मुलांसाठी ये म्हणाला असतास तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. फरशीला काय उत्तर देऊ?"

यतिन उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. थोड्या वेळाने निनादही त्याच्यामागे गेला. खिडकीतून दोघं लिंबाच्या झाडाखाली उभे दिसत होते. आधी हातवारे करत, मग खिशात हात घालून. ते काय बोलत होते ते आत ऐकू येत नव्हतं. चित्रलेखाबाईंनी बॉनेट सोडून त्याची घडी केली, ग्लेंडाला परत द्यायचं होतं.

"आई," मयूरा म्हणाली, "तुम्हाला खरंच काय हवंय?"

"थांब. तू नको विचारूस. तुला सांगून टाकीन आणि मग त्यांना विचारायची गरज उरणार नाही."

*

रविवारी सकाळी न्याहारीला दोघं भाऊ आलेच नाहीत. चित्रलेखाबाई पोह्यांना फोडणी देत होत्या तेव्हा पुढच्या दाराची बेल वाजली.

मयूरा उठू लागली. "बस तू," त्या म्हणाल्या. त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि जाऊन दार ओढलं. ते उघडेना. बाहेरून कोणीतरी खांदा लावला, आणि ते एकदम आत आलं.

यतिन उभा होता, कालची पेंगेलीची हॅट छातीशी धरून. त्याच्यामागे निनाद, हातात प्लास्टिकची पिशवी.

"गुड मॉर्निंग," यतिन म्हणाला. मग पुढे काय म्हणायचं ते त्याला आठवेना. काल हॉलभर लोकांसमोर न अडखळणारा माणूस. "आम्ही, म्हणजे, तुला विचारायला आलोय."

निनादने पिशवी पुढे केली. आत लिंबं होती.

"ही आपल्याच झाडाची," चित्रलेखाबाई म्हणाल्या.

"दुकान उघडलेलं नव्हतं," निनाद म्हणाला.

त्यांनी पिशवी घेतली. "बसा." दोघं वेताच्या खुर्च्यांत बसले, पाहुणे बसतात तसे, टोकावर. त्या समोरच्या बाकावर बसल्या. दहिवर पडून गवत पांढरं झालं होतं. रस्त्यापलीकडचा म्हातारा कुत्र्याला फिरवायला निघाला होता, त्याने हात केला. त्यांनीही केला.

"आई," यतिन म्हणाला, "तुला पॉइंट कुकला राहायला जायचंय का?"

"नाही."

इतकं सरळ उत्तर येईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. चित्रलेखाबाईंनाही नवल वाटलं, की हा शब्द किती छोटा आहे.

"मिताली कामाला लागली की पहिला महिना येईन," त्या निनादला म्हणाल्या. "पुढे शाळेच्या प्रत्येक सुट्टीत येईन. मुलांची आजी आहे मी, मलाही ती हवीत. पण परतीचं तिकीट आधी काढायचं. आणि ते मी काढीन."

"आणि फ्लॅट?"

"बांध की. सुट्टीत मी कुठे झोपू? आणि कोनाडा कर. छान दिसत होता."

निनादने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते आणि ते दिसू नये म्हणून तो त्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याकडे बघत होता.

"आणि हे घर?" यतिनने विचारलं.

"काल ग्लेंडाने पुकारलं ते ऐकलंस ना? खाणावळ आणि दोन प्लॉट. ती बाई लोकांना जेवायला घालायची, मीही घालते. तिचं नाव होतं. म्हणून ट्रेव्हर हॅट काढून दारात उभा राहिला. माझं नाव नाही, म्हणून तुम्ही मला टेबलावर मोजलंत. मला नाव हवंय. बाबांचं होतं तिथे माझं घाला. मग विकायचं की ठेवायचं त्यात माझंही मत धरा. माझं एकच धरा, तीन नकोत."

"उद्या एजंटला नको म्हणून सांगतो," यतिन म्हणाला. "आणि वकिलाकडे कधी जायचं ते बघू. मी नेईन तुला."

"मी नेईन," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं मागे बसा."

निनाद हसला, आणि मग यतिनही. त्याने हॅट गुडघ्यावर ठेवली. "मग ब्रिस्बेनचं काय करू, आई? त्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"ते मला का विचारतोस? ते माझ्याकडे नाही. ज्या बाईकडे आहे ती आत पोहे वाढतेय."

यतिन उठला. दार उघडंच होतं, दोन पावलं टाकली की स्वयंपाकघर. सवयीने त्याने एक पाऊल आत टाकलंही. मग तो थबकला, मागे व्हरांड्यात आला, आणि फुगलेलं दार दोन्ही हातांनी ओढून लावून घेतलं. शर्ट सारखा केला. हॅट छातीशी धरली. बेल दाबली.

आतून कोणी आलं नाही. चित्रलेखाबाई बाकावरून उठल्या नाहीत. त्यांनी नुसती मान खिडकीकडे वळवली आणि हाक मारली.

"मयूरा, तुझ्याकडे कोणीतरी आलंय."